बॅटरीवर चालणारं सेन्सर नेटवर्क: बिघाड पचवण्याची आखणी

सर्व्हरच्या जगात बिघाडावरचे उपाय ठरलेले आहेत. एकाऐवजी तीन प्रती ठेवा, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा, दर सेकंदाला एकमेकांची खबर घ्या. हेच उपाय बॅटरीवरच्या नोडवर, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेल्या छोट्या यंत्रावर, जसेच्या तसे बसवले की नेटवर्क बिघाडाने मरण्याआधी उपायानेच मरतं. इथे प्रत्येक प्रत, प्रत्येक फेरप्रयत्न आणि प्रत्येक चौकशी बॅटरीतून वजा होते. म्हणून पुढची सगळी आखणी एका नियमावर आहे: नोड अडचणीत आला की त्याचा खर्च वाढता कामा नये. जमलं तर कमीच व्हावा.

उदाहरणादाखल शंभर नोडचं एक नेटवर्क धरू. प्रत्येक नोडवर कमी विजेवर चालणारा मायक्रोकंट्रोलर, एसएक्स१२६२ हा लोरा रेडिओ (लोरा ही कमी विजेत दूरवर पोचणारी रेडिओ पद्धत), डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि ईआर१४५०५ ही पेन्सिल सेलच्या आकाराची ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरी. दर १५ मिनिटांनी मोजमाप, १० बाइटचा मजकूर; लोरावॅन या लोरावरच्या नेटवर्क-प्रोटोकॉलचं वेष्टण धरून पॅकेट २३ बाइटचं. तुमचं हार्डवेअर वेगळं असेल तर आकडे बदला, हिशेबाची रीत तीच राहील.

आधी दोन हिशेब: चांगल्या दिवसाचा आणि वाईट दिवसाचा

चांगल्या दिवसाचा हिशेब सगळेच मांडतात. झोपेतला करंट मायक्रोकंट्रोलर, रेडिओ, रेग्युलेटर सगळं धरून ४ मायक्रोअँपिअर, म्हणजे दिवसाला ०.०९६ मिलिअँपिअर-तास. एका फेरीचा खर्च मिलिअँपिअर-सेकंदात मांडू आणि यापुढे त्याला 'मिअँसे' म्हणू. सेन्सरचं १२ बिटचं रूपांतर ७५० मिलिसेकंद घेतं. आजूबाजूचं धरून १.५ मिलिअँपिअर गुणिले ०.८ सेकंद, म्हणजे १.२ मिअँसे. एसएफ७ वर (हा लोराचा वेगवान स्तर; एसएफ१२ हा सर्वांत सावकाश पण दूर पोचणारा) २३ बाइटचं पॅकेट हवेत ६२ मिलिसेकंद राहतं. १४ डीबीएमला (डीबीएम हे प्रसारणाच्या पॉवरचं माप) ४५ मिलिअँपिअर धरले तर २.८ मिअँसे. पाठवल्यानंतर उत्तर ऐकण्याच्या दोन्ही श्रवणखिडक्या मिळून ०.३. एकूण ४.३ मिअँसे, दिवसाला ९६ फेऱ्या, म्हणजे ४१३ मिअँसे किंवा ०.११५ मिलिअँपिअर-तास. झोप मिळवून दिवसाला साधारण ०.२१ मिलिअँपिअर-तास.

(४५ मिलिअँपिअर हा आकडा रेडिओच्या पॉवर अँप्लिफायरची मांडणी १४ डीबीएमसाठी केलेली असेल तरच. २२ डीबीएमची मांडणी तशीच ठेवून नुसती पातळी उतरवली तर एसएक्स१२६२ त्याच १४ डीबीएमला जवळपास दुप्पट करंट खातो. ड्रायव्हर कोणती मांडणी वापरतो ते एकदा उघडून बघाच.)

बॅटरीवर २,४०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असलं तरी स्वतःहून होणारी झीज, थंडी आणि शेवटी न काढता येणारा भाग वजा करून ७० टक्के धरा, म्हणजे १,६८०. दहा वर्षांची नेहमीची गरज ७६७. निम्म्याहून अधिक शिल्लक दिसते आणि इथेच बहुतेक आखण्या थांबतात.

आता वाईट दिवस. गेटवे, म्हणजे नोडचे संदेश ऐकून सर्व्हरकडे पोचवणारं केंद्र, बंद आहे. नोडला नेटवर्क सापडत नाही, म्हणून तो एसएफ१२ वर दर ३० सेकंदांनी जोडणीची विनंती पाठवतो. तेच २३ बाइटचं पॅकेट आता हवेत १.४८ सेकंद राहतं, म्हणजे चोवीसपट. एका प्रयत्नाला सुमारे ७० मिअँसे, दिवसाला २,८८० प्रयत्न, म्हणजे ५६ मिलिअँपिअर-तास. दहा वर्षं टिकावी म्हणून निवडलेली बॅटरी ३० दिवसांत संपते. गेटवे महिन्याभराने दुरुस्त झाला तरी त्याला ऐकवायला नोड उरत नाहीत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

लोरावॅनच्या नियमावलीने हे ओळखून जोडणीच्या विनंत्यांवर मर्यादा घातली आहे: पहिल्या तासात एकूण ३६ सेकंद हवेतला वेळ, पुढच्या दहा तासांत मिळून ३६ सेकंद आणि त्यानंतर दर २४ तासांत ८.७ सेकंद. या ८.७ सेकंदांचा खर्च ०.११ मिलिअँपिअर-तास होतो, म्हणजे एका साध्या दिवसाच्या निम्मा. पण ही मर्यादा सगळ्या लायब्ऱ्या पाळतातच असं नाही, आणि लोरावर स्वतःचा प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला तर ती स्वतःच घालावी लागते.

बिघाडाचं वेगळं खातं

फेरप्रयत्न किती वेळा करायचे यावर मर्यादा घालण्यापेक्षा किती ऊर्जेचे करायचे यावर घाला. एसएफ७ वरचा एक प्रयत्न ३ मिअँसेचा आणि एसएफ१२ वरचा ७० चा. 'पाच वेळा प्रयत्न कर' या सूचनेला मग अर्थ राहत नाही.

नोडच्या मेमरीत एक शिल्लक ठेवा. तिच्यात दर दिवसाला ३६० मिअँसे जमा होतात, म्हणजे ०.१ मिलिअँपिअर-तास, दहा वर्षांत जास्तीत जास्त ३६५ मिलिअँपिअर-तास, जे आपल्याला परवडतं. शिल्लक कमाल तीन दिवसांची, १,०८० मिअँसे. नेहमीच्या फेरीव्यतिरिक्त जे काही कराल, म्हणजे फेरप्रयत्न, पुन्हा जोडणी, रेडिओचा रीसेट, जुन्या नोंदी पाठवणं, त्याची किंमत आधी या खात्यातून वजा करायची. शिल्लक पुरत नसेल तर काम करायचं नाही, झोपायचं. वर दिलेल्या गेटवेच्या महिन्याभराच्या बंदमध्ये असा नोड सुरुवातीला पंधरा प्रयत्न करतो, मग दिवसाला पाच. महिन्याचा जादा खर्च सव्वातीन मिलिअँपिअर-तास. खात्याशिवाय तो १,६८० होता.

या खात्यात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, शिल्लक साध्या रॅममध्ये ठेवली तर रीसेट झाल्यावर ती पुन्हा पूर्ण भरते, आणि सतत रीसेट होणाऱ्या नोडला, म्हणजे ज्याला आवरायला हवं त्यालाच, अमर्याद उधारी मिळते. ती झोपेत टिकणाऱ्या मेमरीत किंवा एफरॅममध्ये (वीज गेली तरी मजकूर जपणारी मेमरी), सीआरसीसह (मजकूर बिघडला का ते पकडणारा तपासणी-आकडा) ठेवा. सीआरसी जुळला नाही तर शिल्लक शून्य धरा, कमाल नव्हे. दुसरं, किंमत अंदाजाने लिहिली तर ती नेहमी कमी लिहिली जाते. प्रत्येक कृतीचा करंट-काळ आलेख काढून खरी किंमत घाला. तिसरं, दोन प्रयत्नांमधल्या वेळेला यादृच्छिक विचलन हवं. एकाच वीजखंडानंतर शंभर नोड एकाच ठेक्यात विनंत्या पाठवू लागले तर त्या एकमेकींवर आदळतात, सगळ्या फुकट जातात आणि सगळे पुन्हा एकत्रच थांबतात. थांबण्याचा काळ प्रत्येक वेळी दुप्पट करा आणि त्यातला निम्मा भाग यादृच्छिक ठेवा. यादृच्छिक आकड्याचं बीज चिपच्या क्रमांकातून घ्या; सगळ्या नोडना तेच बीज दिलं तर ते 'यादृच्छिकपणे' एकाच क्षणी बोलतात.

लोरावॅनमधली आणखी एक गोष्ट या खात्याच्या बाहेरून खर्च वाढवते. डेटाचा दर आपोआप जुळवणारी एडीआर यंत्रणा ६४ संदेशांत गेटवेकडून काहीच आलं नाही तर विचारणा लावते, आणखी ३२ संदेश वाट बघते आणि मग पॉवर वाढवून, डेटाचा दर उतरवून पाहते; पुढे दर ३२ संदेशांना एक पायरी. दिवसाला ९६ संदेश पाठवणारा नोड तीनएक दिवसांत एसएफ१२ ला पोचतो आणि मग त्याचा प्रत्येक नेहमीचा संदेशही चोवीसपट महाग पडतो. गेटवे परत आल्यावर शंभरच्या शंभर नोड एसएफ१२ वर बोलत असतात, तेही एकमेकांच्या अंगावर. म्हणून दिवसभर गेटवेची चाहूल लागली नाही तर नेहमीचं प्रसारणच थांबवा, नोंदी स्थानिक साठ्यात टाका आणि खात्यातून परवडेल तेवढीच चाचपणी करा.

व्होल्टेज कोसळून होणारे रीसेट

मैदानातून परत आलेले 'मेलेले' नोड तपासले तर अनेकदा बॅटरीत चार्ज असतो. मग ते मरतात कसे? बॅटरी जुनी किंवा गार झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. रेडिओने ४५ मिलिअँपिअर मागितले की व्होल्टेज खाली येतं, ब्राउनआउट डिटेक्टर (व्होल्टेज फार उतरलं हे ओळखणारा भाग) चिपला रीसेट करतो, चिप नव्याने उठते, नेटवर्क शोधायला पुन्हा प्रसारण करते आणि पुन्हा कोसळते. आगीतून फुफाट्यात अशी ही फेरी चालूच राहते आणि उरलासुरला चार्ज फुकट खात राहते.

लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरीत याला आणखी एक कारण आहे. महिनोन् महिने अगदी कमी करंटवर पडून राहिल्याने लिथियमवर लिथियम क्लोराइडचा थर चढतो. झीज कमी ठेवणारा हाच थर, पण पहिल्या मोठ्या मागणीला तोच आडवा येतो. नवी पण वर्षभर कपाटात राहिलेली बॅटरी लावल्यावर नोड सुरूच होत नाही तो यामुळे.

उपाय अनेकदा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून केला जातो. गणित करून बघा: ४५ मिलिअँपिअर आणि ०.५ व्होल्टची घट चालेल असं धरलं तर १०० मायक्रोफॅरड फक्त १.१ मिलिसेकंद पुरतो. ब्लूटूथच्या मिलिसेकंदभराच्या पॅकेटाला तो चालेल. एसएफ७ च्या ६२ मिलिसेकंदांना ५.६ मिलिफॅरड लागतात आणि एसएफ१२ च्या १.४८ सेकंदांना ०.१३ फॅरड, म्हणजे सुपरकपॅसिटर. तो निवडताना गळती करंट पाहा. स्वस्त सुपरकपॅसिटरची गळती नोडच्या अख्ख्या झोपेपेक्षा जास्त असू शकते.

सॉफ्टवेअरमध्ये पुढची पावलं घाला. उठल्या उठल्या, रेडिओला हात लावण्याआधी, रीसेटचं कारण वाचा. कारण ब्राउनआउट असेल तर टिकाऊ मेमरीतला मोजणीअंक वाढवा. पहिल्या वेळी १० मिनिटं झोपा, दुसऱ्या वेळी तास, तिसऱ्यापासून सहा तास. सोबत प्रसारणाची पॉवर प्रत्येक वेळी ३ डीबीने उतरवा. एक पूर्ण दिवस ब्राउनआउटशिवाय गेला की मोजणीअंक एकाने कमी करा. एकदम शून्य करू नका. ऊन वर आल्यावर सुधारणारी बॅटरी रात्री पुन्हा बिघडते.

बॅटरीचं व्होल्टेज प्रसारण संपता संपता मोजा. झोपेतून उठल्यावरच्या निवांत मोजमापात म्हातारी बॅटरीही तरुण दिसते. थायोनिल क्लोराइड आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, दोन्हींचा वक्र इतका सपाट असतो की व्होल्टेजवरून शिल्लक ओळखता येत नाही. तिथे केलेल्या कामांच्या किमतींची बेरीज ठेवणं हाच भरवशाचा मार्ग. आणि मोजण्यासाठी लावलेला १०० किलोओहम अधिक १०० किलोओहमचा व्होल्टेज विभाजक (दोन रोधांची जोडी) ३.६ व्होल्टवर सतत १८ मायक्रोअँपिअर खातो, आपल्या झोपेच्या साडेचारपट. तो मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू-बंद करा.

पोच मागायची की नाही

प्रत्येक संदेशाची पोच, म्हणजे 'मिळालं' असं उत्तर, मागणं सुरक्षित वाटतं. लोरा गेटवे मात्र बोलत असताना कोणत्याच चॅनेलवर ऐकू शकत नाही. नोड दूर असून एसएफ१२ वर असतील तर रिकाम्या पोचेलाही जवळपास एक सेकंद लागतो. दिवसाचे ९,६०० संदेश, म्हणजे गेटवे २ तास ४० मिनिटं बहिरा. त्या वेळात आलेले संदेश हरवतात, त्यांचे फेरप्रयत्न होतात आणि त्यांच्याही पोचा द्याव्या लागतात.

आयईईई ८०२.१५.४ (जवळच्या, कमी विजेच्या रेडिओचं मानक) च्या नेटवर्कवर कोॲप (छोट्या उपकरणांसाठीचा संदेश-प्रोटोकॉल) वापरणाऱ्यांसाठी सापळा वेगळा आहे. आरएफसी ७२५२ या इंटरनेट मानकातल्या मूळ किमती अशा: पोचेची वाट २ सेकंद, यादृच्छिक गुणक १.५, कमाल ४ फेरप्रसारणं. या हिशेबाने नोड हार मानेपर्यंत जास्तीत जास्त ९३ सेकंद जातात. तेवढा वेळ रेडिओ ५ मिलिअँपिअरवर ऐकत राहिला तर ४६५ मिअँसे, म्हणजे एका हरवलेल्या संदेशापायी पूर्ण दिवसाच्या कामापेक्षा जास्त. फेरप्रसारण एकावर आणा आणि वाट बघताना रेडिओ बंद ठेवून फक्त ठरलेल्या खिडकीत ऐका.

त्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे: पॅकेटातच मागची मूल्यं कोंबा. दोन मागची मूल्यं म्हणजे ४ बाइट. एसएफ७ वर हवेतला वेळ ६१.७ वरून ६६.८ मिलिसेकंद होतो, जादा खर्च ०.२३ मिअँसे. दर दहापैकी एक पॅकेट हरवत असेल आणि हरवणं एकमेकांशी निगडित नसेल, तर एखादं मूल्य तिन्ही पॅकेटांत हरवण्याची शक्यता हजारात एक. प्रत्यक्षात पॅकेटं ओळीने हरवतात. समोर वाहन उभं राहिलं, पाऊस आला, शेजारचा ट्रान्समीटर सुरू झाला. म्हणून लागोपाठची दोन मूल्यं न घेता एक आधीच्या फेरीचं आणि एक तासापूर्वीचं घ्या. खर्च तोच, पण तासाभराच्या आतल्या खंडातलं बरंचसं भरून निघतं.

पोच दिवसातून एकदाच मागा, तीही दुवा जिवंत आहे का हे कळण्यापुरती. ती आली नाही तर तासाभराने पुन्हा एकदा. तीही नाही आली तर वरच्या खात्याची राजवट सुरू. प्रत्येक संदेशाला वाढता क्रमांक द्या आणि तोच क्रमांक दोनदा आला तर सर्व्हरने दुसरा गुपचूप टाकून द्यावा. फेरप्रयत्न करणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत दुहेरी संदेश येणारच.

नोड मेला की नुसता गप्प आहे

वेगळा 'मी जिवंत आहे' संदेश पाठवू नका. मोजमापाचा संदेश तेच काम करतो. प्रश्न असतो किती संदेश चुकल्यावर घंटा वाजवायची. सवयीने 'तीन' ठरवलं जातं. दहा टक्के हानीवर, म्हणजे दहापैकी एक पॅकेट हरवत असताना, शंभर नोडच्या ९,६०० संदेशांत सलग तीन हरवण्याची घटना दिवसाला आठ-नऊ वेळा घडते. आठवडाभर रोज आठ खोट्या घंटा ऐकल्या की बघणारा माणूस घंटा बंद करतो, आणि खरा बिघाड त्यानंतर येतो. पाच ठेवलं तर बारा दिवसांत एक खोटी घंटा, सहा ठेवलं तर चार महिन्यांत एक. सहा म्हणजे दीड तास उशीर. तापमानाच्या नोंदींसाठी तो चालतो, गळतीच्या सूचनेसाठी नाही. नोडागणिक हानी वेगळी असते, तेव्हा हा आकडा त्या नोडच्या मागच्या आठवड्याच्या हानीवरून सर्व्हरने काढावा. नोडच्या बॅटरीला त्याची झळ लागत नाही.

याच संदेशात एक बाइट प्रकृतीसाठी ठेवा: मागच्या रीसेटचं कारण ३ बिट, ब्राउनआउटचा अंक २ बिट, खात्यातल्या शिल्लकेचा टप्पा ३ बिट. ज्या नोडचं खातं सतत तळाशी आहे तो अजून बोलत असला तरी आजारी आहे, आणि हे तुम्हाला तो गप्प होण्याच्या बऱ्याच आधी दिसतं.

जादाची व्यवस्था कुठे ठेवायची

जिथे वीज आहे तिथे. दुसरा गेटवे लावणं हा या सगळ्या लेखातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण लोराचा संदेश दोन्ही गेटवे ऐकतात आणि नोडला एका मिअँसेचाही जादा खर्च पडत नाही. मात्र दोन्ही गेटवे एकाच वीजजोडणीवर आणि एकाच इंटरनेट राउटरवर असतील तर तो दुसरा गेटवे शोभेचा आहे.

मेश नेटवर्कचं, म्हणजे नोड एकमेकांचे संदेश पुढे पोचवतात अशा नेटवर्कचं, आकर्षण मोठं असतं. एक रस्ता बंद तर दुसरा. पण दुसऱ्यासाठी वाट बनायचं तर ऐकत राहावं लागतं. सतत ऐकण्याचे ४.६ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ११० मिलिअँपिअर-तास. आपली बॅटरी पंधरा दिवसांत संपली. एक टक्का वेळच ऐकलं तरी दिवसाला १.१, नेहमीच्या खर्चाच्या पाचपट. शिवाय गेटवेजवळच्या नोडना सगळ्यांचं ओझं वाहावं लागतं आणि तेच आधी संपतात. मग मागचे सगळे नोड चार्ज असूनही तुटतात. मेश लागणारच असेल तर वाट बनणारे नोड सौर किंवा मुख्य विजेवर ठेवा आणि गेटवेजवळ त्यांची संख्या दाट करा. पाळीपाळीने गटप्रमुख होण्याची पद्धत (२००० सालची लीच ही त्यातली प्रसिद्ध) ओझं वाटून देते, पण तिचं गृहीतक असं की प्रत्येक नोड वेळ पडली तर थेट बेस स्टेशनपर्यंत पोचू शकतो. तुमच्या जागेत हे खरं आहे का ते आधी बघा.

आरपीएल (मेशमध्ये वाट ठरवणारा प्रोटोकॉल) वापरत असाल तर पालक, म्हणजे ज्याच्यामार्फत संदेश पुढे जातो तो नोड, बदलण्याची घाई टाळा. नवा रस्ता जुन्यापेक्षा १.५ ईटीएक्सने (पॅकेट पोचायला सरासरी किती प्रसारणं लागतात याचं माप) चांगला असल्याशिवाय बदलू नये, हा आरएफसी ६७१९ मधला उंबरठा आहे तसा ठेवा. कमी केलात तर दोन सारख्याच पालकांमध्ये नोड हेलकावे खातो. आणि तो हेलकावा त्याच्यापुरता राहत नाही: नेटवर्कमध्ये विसंगती दिसली की नियंत्रण संदेश किती वेळाने पाठवायचे ते ठरवणारी ट्रिकल यंत्रणा आपलं घड्याळ सर्वांत लहान अंतरावर आणते आणि आजूबाजूचे शांत नोडही नियंत्रण संदेश पाठवू लागतात. असा अस्थिर नोड शोधून तात्पुरता पान-नोड करा, म्हणजे तो कुणाची वाट बनणार नाही.

खोटं बोलणारे सेन्सर

बंद पडलेला सेन्सर परवडतो, चुकीचा आकडा देणारा महागात पडतो. डीएस१८बी२० चे तीन खोटे आकडे पाठच असू द्या. ८५ अंश ही वीज आल्यानंतरची मूळ नोंद आहे. रूपांतर संपण्याआधी वाचलं किंवा मधेच वीज गेली की ती दिसते. उणे १२७ हे अनेक प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनो लायब्ररीचं 'सेन्सर सापडला नाही' असं उत्तर आहे. तिसरा सर्वांत लबाड: डेटाची तार जमिनीला चिकटली तर सगळे बाइट शून्य येतात आणि शून्यांचा सीआरसी शून्यच असतो, म्हणजे तपासणी पार करून ० अंश हे वैध तापमान मिळतं. यावर उपाय म्हणजे मांडणीचा बाइटही तपासा; त्याचे खालचे पाच बिट नेहमी एक असतात, सगळे शून्य आले तर नोंद फेका. हा सेन्सर ३.० व्होल्टच्या खाली ठरलेल्या अचूकतेने चालत नाही, त्यामुळे मोजमाप प्रसारणाच्या आधी करा, नंतर नाही.

आय-स्क्वेअर-सी (डेटा आणि घड्याळ अशा दोन तारांवर बोलणारा) सेन्सर असेल आणि व्यवहाराच्या मध्ये नोड रीसेट झाला, तर सेन्सर डेटाची तार खाली ओढून बसतो आणि बस, म्हणजे तारांची ही जोडी, अडकते. नोड सुरू होताना डेटाची तार खाली दिसली तर घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके द्या, मग थांबण्याची खूण द्या. तेवढ्याने सुटलं नाही तर सेन्सरची वीज मॉस्फेटने तोडा. पण पुल-अप रोध (तारांना वर ओढून ठेवणारे) त्याच तोडलेल्या बाजूला जोडलेले हवेत. नाहीतर सेन्सर पुल-अपमधूनच वीज ओढत अर्धवट जिवंत राहतो आणि रीसेट होतच नाही.

एका जागी तीन सेन्सर लावून मधलं मूल्य घेणं चांगलं, सरासरी घेणं वाईट. एक वेडा आकडा सरासरीला ओढून नेतो. पण दोन जादा सेन्सर म्हणजे फेरीमागे २.४ मिअँसे, खर्च दीडपटीहून जास्त. ज्या आकड्यावर झडप किंवा मोटर चालणार आहे तिथेच ही चैन करा. बाकी ठिकाणी शेजारच्या नोडशी तुलना सर्व्हरवर करा. मतदान सर्व्हरवर ठेवण्याचं आणखी एक कारण: विश्वासू मध्यस्थ मत मोजत असेल तर एक खोटारडा झेलायला तीन पुरतात. नोडनी आपसांत ठरवायचं झालं तर, लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ साली दाखवल्याप्रमाणे, चार लागतात, आणि संदेशांची देवाणघेवाण वेगळीच.

नोंदींचा साठा आणि वॉचडॉग

एक नोंद १६ बाइटची करा: क्रमांक ४, वेळ ४, मूल्य २, स्थिती १, सीआरसी २, बाकी राखीव. २५६ किलोबिटच्या एफरॅममध्ये अशा २,०४८ नोंदी बसतात, म्हणजे २१ दिवस. फ्लॅशपेक्षा एफरॅम घ्यावी, कारण पान पुसण्याचा वेळ आणि ऊर्जा लागत नाही आणि झिजण्याची चिंताही जवळपास संपते. लिहिण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी नोंद, मग निर्देशक (शेवटची नोंद कुठे आहे ते सांगणारा आकडा). निर्देशकाच्या दोन प्रती ठेवा, आलटून पालटून लिहा, प्रत्येकीला क्रमांक आणि सीआरसी. उठल्यावर सीआरसी जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाची घ्या. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते.

गेटवे परत आल्यावर साठा एकदम ओतू नका. प्रत्येक नेहमीच्या पॅकेटासोबत जुन्या दोन नोंदी, नवीनतम आधी, एवढंच. २१ दिवसांचा साठा मोकळा व्हायला दहाएक दिवस लागतील, लागू देत.

वॉचडॉग म्हणजे ठरल्या वेळेत खूण मिळाली नाही तर नोड रीसेट करणारा टायमर. त्याला टायमर इंटरप्टमधून खाऊ घालणं, म्हणजे ती खूण देणं, ही जुनी चूक अजून दिसते. मुख्य कार्यक्रम अडकलेला असताना इंटरप्ट मजेत चालू राहतो. खाऊ एकाच जागी घाला: मोजमाप, साठवण आणि प्रसारणाचा निर्णय तिन्ही झाल्यावर. टीपीएल५०१० सारखा बाहेरचा टायमर ३५ नॅनोअँपिअरवर दोन्ही कामं करतो. तो १०० मिलिसेकंद ते ७,२०० सेकंदांतल्या ठरवलेल्या अंतराने नोडला उठवतो, आणि पुढच्या हाकेआधी 'झालं' ही खूण मिळाली नाही तर रीसेट करतो. रेडिओसाठी वेगळा, सावकाश वॉचडॉग ठेवा: २४ तास गेटवेची चाहूल नाही तर फक्त रेडिओ रीसेट, ७२ तास नाही तर पूर्ण नोड. यापेक्षा उतावीळ होऊ नका. रीसेटने गेटवे दुरुस्त होत नाही.

नवं सॉफ्टवेअर हवेतून पाठवत असाल तर दोन कप्पे आणि मागे फिरण्याची सोय अनिवार्य. नवी प्रत 'पक्की' करायची ती सुरू झाल्यावर नाही, तर तिने किमान तीन संदेश पाठवून एक पोच मिळवल्यावर. सुरू होणारं पण रेडिओ बिघडलेलं सॉफ्टवेअर पक्कं झालं तर शिडी घेऊन शंभर ठिकाणी जावं लागतं.

मुद्दाम बिघडवून बघा

प्रत्येक चाचणीत मोजायची गोष्ट एकच: २४ तासांचा एकूण खर्च, मायक्रोअँपिअरपासून शेकडो मिलिअँपिअरपर्यंत मोजणाऱ्या करंट प्रोफायलरवर. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. मायक्रोअँपिअरच्या पल्ल्यात त्याचा अंतर्गत रोधच नोडला ब्राउनआउट करतो.

गेटवेची वीज ७२ तास काढा. तिसऱ्या दिवसाचा खर्च नेहमीच्या दीडपटीच्या आत हवा. गेटवेवर ३० टक्के पॅकेटं मुद्दाम टाकून द्या आणि सर्व्हरवर किती मूल्यं खरोखर कमी पडली ते मोजा. बॅटरीच्या मालिकेत १० ते २० ओहमचा रोध घाला आणि पुरवठा खाली आणत जा. रीसेटची मालिका सुरू झाली पाहिजे आणि तिसऱ्या रीसेटनंतर नोड सहा तास गप्प झाला पाहिजे. सेन्सरची तार जमिनीला टेकवा. नोड रात्रभर उणे २० अंशात ठेवून पहाटे पहिलं प्रसारण करायला लावा.

शेवटची चाचणी रीलेची. नोंद लिहिण्याच्या मिलिसेकंदांत यादृच्छिक क्षणी वीज तोडा, जोडा, साठा वाचा, आणि हे हजार वेळा आपोआप होऊ द्या. शेवटची एखादी नोंद गेली तर चालेल. आधीची एकही नोंद बदलली किंवा क्रमांक मागे गेला, तर लेखनक्रम उघडून बघा. बहुतेक वेळा कंपायलरने किंवा लायब्ररीच्या बफरने निर्देशकाचं लेखन नोंदीच्या आधी नेलेलं असतं.